लॅबमधल्या पीसींची मोजदाद: रजिस्टरात ३१२, कामाचे १४६

जुलै २०२३. तिसऱ्या वर्षाचं मोबाइल अ‍ॅपचं पहिलं प्रॅक्टिकल, बावीस मुलांची बॅच, आणि अँड्रॉइड स्टुडिओ नुसता उघडायलाच अकरा मिनिटं. निम्म्या पीसींत ४ जीबी रॅम आणि या सॉफ्टवेअरला किमान ८ लागते. मुलं कँटीनला जाऊन चहा पिऊन आली तरी पडद्यावरची पट्टी जागची हलली नव्हती. मी प्राचार्य सरांकडे गेले. सर म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे तीनशे बारा कॉम्प्युटर आहेत ना?" डेड स्टॉक रजिस्टरात खरंच ३१२ होते. त्यातले किती चालतात, किती या कामाचे आहेत, ते मला सांगता आलं नाही.

कोल्हापूरच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी २००६ साली लॅब असिस्टंट म्हणून लागले. आता सगळ्या लॅब माझ्याकडे आहेत. आमचा 'आयटी विभाग' म्हणजे मी, एक सहायक आणि शिपाई मामा. त्या जुलैनंतर मी मोजदादीची जी पद्धत बसवली, ती इथे लिहिते. तुमच्याकडे पतसंस्था असेल, कारखान्याचं ऑफिस असेल, तरी नव्वद टक्के लागू पडेल. प्रॅक्टिकलच्या स्लॉटच्या जागी तुमचं काम घाला.

आधी पायी फिरा

पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर शोधत बसू नका. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं सहा दिवस फिरलो. एक रजिस्टर वाचतो, एक मशीन चालू करतो, एक लिहितो. ३१२ पैकी लॅबमध्ये सापडले २८७. उरलेल्या २५ मधले १४ ऑफिस, परीक्षा विभाग, लायब्ररी आणि हॉस्टेलच्या रेक्टरांकडे गेलेले होते, सगळे तोंडी परवानगीनं. ८ म्हणजे स्टोअरमधले रिकामे डबे, ज्यांची रॅम नि एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) दुसऱ्या मशीनना लागले. ३ कुठे गेले ते आजही कुणाला माहीत नाही. २८७ पैकी १९ चालूच झाले नाहीत. राहिले २६८.

रजिस्टरात खोटं काही नव्हतं. डेड स्टॉक रजिस्टर खरेदीची नोंद ठेवतं: तारीख, बिल नंबर, नग, किंमत, पान नंबर. वस्तू आली त्या दिवशी ते बरोबर होतं. त्यानंतर मशीनचं काय झालं हे लिहायला त्यात रकानाच नाही. 'शेरा' नावाचा एक असतो, पण तो आम्हाला ऑडिटच्या आदल्या दिवशीच आठवतो.

फिरताना प्रत्येक मशीनला नंबर द्या. या नंबरात लॅबचं नाव घालू नका. मी पहिल्यांदा 'लॅब तीन, पीसी बारा' असे स्टिकर लावले आणि वर्षभरात तो पीसी लॅब पाचमध्ये गेला. सरळ १ पासून पुढे आकडे द्या, जागा वेगळ्या रकान्यात लिहा. स्टिकर पुढच्या प्लास्टिकच्या झाकणावरही नको, कारण दुरुस्तीत झाकणं एकमेकांत बदलतात. पत्र्याच्या चौकटीवर मागच्या बाजूला लावा, पण एसएमपीएसच्या जाळीजवळ नको, गरम हवेनं गोंद सुटतो.

रकाने मी मोजकेच ठेवले. आमचा नंबर, रजिस्टरचं पान, जागा, मदरबोर्ड, प्रोसेसरची पिढी, रॅम किती, कुठल्या जातीची आणि स्लॉट किती रिकामे, डिस्क फिरणारी की एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क), आणि 'शेवटचा कधी दिसला' ही तारीख. मॉनिटर, कीबोर्ड, माउस मी मशीनला जोडून लिहीत नाही. ते आठवड्याला जागा बदलतात. त्यांचे फक्त नग मोजते.

यात मदरबोर्डचा रकाना सगळ्यात जास्त बोलतो, कारण मशीनचं पुढचं आयुष्य त्यावर ठरतं. एच६१ बोर्ड म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर आणि डीडीआर३ ही जुन्या जातीची रॅम. एच८१ म्हणजे चौथी पिढी, रॅम तीच. यांच्यावर आता पैसे घालायचे नाहीत. एच११० म्हणजे सहावी-सातवी पिढी, आमच्याकडे सगळ्यांत डीडीआर४, म्हणजे रॅम वाढवता येते आणि उद्या मशीन गेलं तर ती रॅम पुढच्या मशीनला लावता येते. एच३१० पासून आठवी पिढी सुरू होते आणि विंडोज ११ ची वेस तिथेच आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ही तारीख कित्येक वर्षं आधीपासून जाहीर होती, पण आमच्याकडे किती मशीन त्या वेशीच्या अलीकडे अडकणार हे २०२३ च्या दिवाळीपर्यंत कुणी मोजलं नव्हतं.

मोजल्यावर निघालं असं: २६८ पैकी १४६ मशीन आठव्या पिढीची किंवा त्यापुढची, ८ जीबी रॅम आणि एसएसडीसकट. ७१ एच११० वाली. ५१ डीडीआर३ वाली म्हातारी. प्राचार्य सरांच्या प्रश्नाचं उत्तर १४६ होतं.

मग मशीनलाच सांगू द्या

दर दिवाळीला सहा दिवस फिरणं परवडत नाही. म्हणून जीएलपीआय हे मशीनची मोजदाद ठेवणारं सॉफ्टवेअर बसवलं. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, आणि आमच्यासारख्यांसाठी जुन्या चौथ्या पिढीच्या मशीनवर लिनक्स टाकूनही आरामात चालतं. प्रत्येक पीसीवर त्याचा छोटा एजंट बसतो. तो दिवसातून एकदा रॅम, डिस्क, बोर्ड, सिरियल नंबर, सॉफ्टवेअर असं सगळं सर्व्हरला कळवतो. ओसीएस इन्व्हेंटरी हाही चांगला पर्याय आहे. स्नाइप-आयटी दिसायला सुबक आहे, पण ते स्वतःहून मशीन शोधत नाही, माहिती आपणच भरायची. तुमच्याकडे वीस-पंचवीसच पीसी असतील तर यातलं काहीच नको, एक्सेल पुरे. तेव्हा विंडोजमधल्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीतून 'गेट-सिमइन्स्टन्स' या आज्ञेनं 'विन३२_फिजिकलमेमरी', 'विन३२_बेसबोर्ड', 'विन३२_बायोस' मागवा (टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं) आणि निकाल पेन ड्राइव्हवर घ्या. रॅमच्या जातीचा नुसता आकडा येतो: २४ म्हणजे डीडीआर३, २६ म्हणजे डीडीआर४, ३४ म्हणजे डीडीआर५. जुन्या लेखांतून डब्ल्यूएमआयसी ही जुनी आज्ञा वापरायला सांगितलेलं असतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती येत नाही.

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमचे दोन आठवडे वाचतील. लॅब दोनमधलं एक मशीन मी छान तयार केलं, एजंट बसवला, आणि त्याचीच प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्या २९ मशीनवर उतरवली. दुसऱ्या दिवशी जीएलपीआयमध्ये तीसच्या जागी एकच मशीन. तेही तासातासाला रूप बदलणारं, सकाळी एक आयपी तर दुपारी दुसरा. एजंट पहिल्यांदा चालला की स्वतःची एक ओळख बनवून डिस्कवर ठेवतो. तीच ओळख सगळ्या प्रतींत गेली होती. त्या अर्ध्या माहितीवर मी सरांना एक आकडा कळवूनही मोकळी झाले होते, तो परत घ्यावा लागला.

तेव्हा प्रतिमा काढण्याआधी एजंटची ती ओळख पुसा. पण आमच्यासारखं रीस्टार्ट झालं की मशीन मूळ स्थितीला नेणारं गोठवणारं सॉफ्टवेअर असेल तर आणखी एक फास आहे. ओळख पुसलेली प्रत लगेच गोठवली, तर ते मशीन रोज सकाळी नवी ओळख घेऊन जन्माला येतं. आठवड्यात एका पीसीचे सहा अवतार. क्रम असा ठेवा: प्रतिमा उतरवा, मशीनचं नाव बदला, एजंट एकदा चालवा, सर्व्हरवर नोंद दिसली याची खात्री करा, आणि मगच गोठवा.

असेंबल केलेल्या पीसींची तिसरी खोड म्हणजे सिरियल नंबर. ब्रँडेड मशीनला तो बायोसमध्ये असतो. लोकल दुकानातून जोडून आणलेल्या मशीनमध्ये त्या जागी 'टू बी फिल्ड बाय ओईएम' किंवा 'डिफॉल्ट स्ट्रिंग' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे कारखान्यात कुणी भरलंच नाही. काही बोर्डांचा युनिक म्हणवणारा ओळख क्रमांकही ०३०००२०० ने सुरू होणारा, सगळ्यांचा एकच. सर्व्हरला असली मशीन जुळी वाटतात. अशा किमती काळ्या यादीत टाकायची सोय जीएलपीआयमध्ये आहे. ती वापरा आणि या मशीनची ओळख लॅन कार्डाच्या मॅक पत्त्यावर (कार्डाला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकावर) ठेवा. मात्र यूएसबीला लावलेलं लॅन अ‍ॅडॅप्टर असेल तर तो पत्ता अ‍ॅडॅप्टरबरोबर फिरतो, हे ध्यानात असू द्या.

एजंट बसल्यावर एक न मागितलेला फायदा झाला. मार्चमध्ये एका लॅबमधल्या चार मशीनची रॅम ८ ची ४ झालेली दिसली. जीएलपीआय प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवतं, त्यामुळे तारीख कळली. चोरी नव्हती. आमच्याच सहायकानं स्टाफ रूमची मशीन जलद व्हावीत म्हणून एकेक पट्टी तिकडे नेली होती. चांगल्या मनानं नेली, पण त्या लॅबमधून चार जागा गेल्या.

'शेवटचा कधी दिसला' या तारखेवर दर सोमवारी नजर टाका. दहा दिवस गप्प असलेलं मशीन म्हणजे बंद पडलेलं, हललेलं, किंवा लॅनची वायर निघालेलं. मामांना मी गप्प मशीनची यादी देते. ते फिरून येतात आणि तीन शब्दांत सांगतात: "वायर निघालती, बसवली."

किती वापर होतो, ते कधी मोजायचं

मशीन किती आहेत हे कळलं, तरी कमी कशाची आहे ते कळायला वापर मोजावा लागतो. विंडोजमधला परफॉर्मन्स मॉनिटर त्यासाठी पुरतो. सगळ्या मशीनवर नको, प्रत्येक लॅबमधली चार निवडा: दोन पुढच्या रांगेतली, दोन मागची. (मागच्या रांगेत वेगळंच काही चालू असतं, आणि तोही वापरच आहे.) दर तीस सेकंदांनी चार गोष्टी नोंदवा: प्रोसेसर किती टक्के, मोकळी रॅम किती एमबी, सेकंदाला किती पानं (रॅममधल्या माहितीचे छोटे तुकडे) डिस्कवर ये-जा करतात, आणि डिस्कसमोरची रांग. नोंदीची फाइल सर्व्हरच्या फोल्डरवर लिहायला सांगा. गोठवलेल्या मशीनवर ठेवली तर संध्याकाळी बंद करताना सगळं पुसलं जातं. हेही मी अनुभवानंच शिकले.

मोजायचे आठवडे नीट निवडा. मी तीन घेते: सत्राच्या मध्यातला साधा आठवडा, सबमिशनचा आठवडा, आणि प्रॅक्टिकल परीक्षेचा. जूनमधल्या आकड्यांवर कुणी खरेदी ठरवली तर ती फसणारच.

सरासरी मात्र काढू नका. आमच्या प्रोसेसरची दिवसाची सरासरी ९ टक्के निघाली. त्यावरून कुणीही म्हणेल, मशीन रिकामी बसलीत. पण त्यात रात्र धरली होती, जेवणाची सुट्टी धरली होती. फक्त दहा ते पाच घ्या, आकडे चढत्या क्रमानं लावा, वरचे पाच टक्के सोडा आणि उरलेल्यातला सगळ्यात मोठा आकडा बघा. तसं केल्यावर प्रोसेसर ३८ टक्क्यांवर गेला. मोकळ्या रॅमसाठी उलटं, खालचे पाच टक्के सोडायचे. ४ जीबीच्या मशीनवर ती १८० एमबी निघाली आणि फिरणाऱ्या डिस्कसमोर सहा-सात कामं रांगेत उभी. म्हणजे प्रोसेसरला काही धाड भरली नव्हती. रॅम संपत होती, विंडोज डिस्कवर पानं लिहीत होतं, आणि डिस्क त्याखाली दबत होती.

इथे खरेदीची यादीच बदलली. एचओडी मॅडमचा आग्रह होता की सगळी नवी मशीन घ्यावीत. पण ७१ एच११० वाल्यांना ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी घातली तर एका नव्या पीसीच्या पैशात दहाएक मशीन सुधरत होती. तेच केलं. विंडोज ११ त्यांच्यावर बसत नाही, म्हणून आज ती उबुंटू लिनक्सवर चालतात. सी, पायथन, मायएसक्यूएल यांना काही फरक पडत नाही. कुरकुर मुलांची नव्हती, शिकवणाऱ्यांची होती, आणि तीही एका सत्रात थांबली.

डिस्कच्या तब्येतीबद्दल थोडंसं. प्रत्येक डिस्क स्वतःची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएलनं ती वाचता येते. ५, १९७ आणि १९८ या ओळींवर लक्ष ठेवा: बदललेले सेक्टर, वाचता येत नसल्यानं ताटकळलेले सेक्टर, आणि दुरुस्त न होणारे सेक्टर. शून्य असावेत. शून्य नसेल आणि महिन्याभरात वाढत असेल, तर ती डिस्क पुढच्या वर्षाच्या हिशोबात धरू नका.

जागांचा हिशोब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'पीसी किती' हा प्रश्न सोडून 'आठवड्याला किती प्रॅक्टिकल बसतात' हा विचारा. आमची बॅच जास्तीत जास्त २२ ची. दोन मशीन नेहमी रुसलेली असतात, म्हणून एक लॅब म्हणजे २४ मशीन. दिवसाला दोन तासांचे तीन स्लॉट, पाच दिवस, म्हणजे लॅबमागे १५. शनिवार मी मुद्दाम धरत नाही. तो दुरुस्ती, वर्कशॉप आणि ऐनवेळच्या ओरलसाठी.

जानेवारी २०२४ मध्ये केलेला हिशोब जसाच्या तसा देते. १४६ चांगली मशीन म्हणजे ६ लॅब, ९० स्लॉट. १२२ जुनी म्हणजे ५ लॅब, ७५ स्लॉट. एकूण १६५. गरज: कॉम्प्युटर आणि एआय शाखेच्या वरच्या तीन वर्षांच्या २७ बॅच, प्रत्येकीची आठवड्याला चार प्रॅक्टिकल, म्हणजे १०८. पहिल्या वर्षाच्या २१ बॅच, एकेक प्रॅक्टिकल, २१. मेकॅनिकल-सिव्हिलचं कॅड वगैरे १६. बेरीज १४५. वीस स्लॉट शिल्लक. जुलैत मुलं चहाला का गेली मग? कारण १४५ पैकी ७० ला जड सॉफ्टवेअर लागतं, आणि टाइमटेबल लावणाऱ्याला कुठली लॅब जड काम झेपवते हे माहीतच नव्हतं. लॅबच्या दारावर 'जड' आणि 'हलकं' अशा पाट्या लावल्या, टाइमटेबल फिरवलं, आणि त्या वर्षीचा निम्मा त्रास एक रुपया न घालता गेला.

आता पुढची वर्षं. एआयची दुसरी तुकडी मंजूर झालेली. ती दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकणार: दर वर्षी ३ बॅच, १२ स्लॉट जास्त. दुसरीकडे तक्रार वही चाळली तर मागच्या बारा महिन्यांत डीडीआर३ वाली १७ मशीन कायमची गेलेली. तोच वेग धरला. २०२४-२५: गरज १५७. जुनी मशीन १०५, म्हणजे ४ पूर्ण लॅब आणि वर ९ सुटी मशीन, ज्यांचा प्रॅक्टिकलला उपयोग शून्य. एकूण १० लॅब, १५० स्लॉट. सात कमी. २०२५-२६: गरज १६९, जुनी ८८, म्हणजे ३ लॅब, एकूण ९, १३५ स्लॉट. चौतीस कमी. चौतीस भागिले पंधरा, दोनाच्या वर, म्हणजे तीन लॅब, ७२ मशीन.

कागदावर ते एवढंच दिसतं, पण हे मांडायला मला अठरा वर्षं नोकरी करावी लागली याचं थोडं वाईट वाटतं. त्याआधी मी अर्जात 'मशीन जुनी झाली आहेत, तरी नवीन मिळावीत' असं लिहायचे आणि फाइल परत यायची.

मशीन आली, प्लगचं काय?

७२ मशीन मागण्याआधी ती बसतील का ते बघा. आमच्या मोठ्या हॉलला १० केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आहे. त्याच्यावरचा पॉवर फॅक्टर ०.८, म्हणजे प्रत्यक्षात ८ किलोवॅट. प्लगला लावायच्या छोट्या मीटरवर एक पीसी मॉनिटरसकट कामाच्या भरात ९५ वॅट खातो. साठ मशीनचे ५.७ किलोवॅट, आरामात. पण एआयसाठी ग्राफिक्स कार्डवाली १२ मशीन याच हॉलमध्ये बसवायची टूम निघाली. मोजलं तर एकेक ३५० वॅट. बाराचे ४.२, उरलेल्या ४८ चे ४.५६, मिळून ८.७६. पहिल्याच मोठ्या प्रॅक्टिकलला यूपीएसनं मान टाकली असती. ती बारा दुसऱ्या खोलीत गेली.

विजेइतकीच उष्णता बाहेर पडते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता ओढतो. मशीनचे वॅट, अधिक माणशी शंभर वॅट, अशी बेरीज करून साडेतीन हजारांनी भागा. पश्चिमेच्या खिडकीचं ऊन वेगळं. नेटवर्कच्या स्विचचे रिकामे पोर्ट मोजा. आमच्याकडे दोन लॅबमध्ये अजून १०० एमबीपीएसचे जुने स्विच निघाले. साठ जीबीची प्रतिमा तीस मशीनवर उतरवताना रात्र का जाते ते तेव्हा कळलं. सॉफ्टवेअरच्या परवान्यांच्या जागाही याच तक्त्यात घ्या. कॅडचे परवाने तीस आणि मशीन अठ्ठेचाळीस, तर तिथे क्षमता तीसच.

उन्हाळ्यात सीईटीच्या ऑनलाइन परीक्षांना लॅब दिल्या जातात. तेव्हा सगळी मशीन एकाच मिनिटाला चालू असतात. इतकी चांगली चाचणी फुकटात परत मिळत नाही. त्या दिवशी यूपीएसचा लोड, एसीचं तापमान आणि किती मशीन ऐनवेळी बदलावी लागली हे लिहून ठेवा.

फाइल कधी हलवायची

आमच्याकडे बजेट फेब्रुवारीत ठरतं. मग तीन कोटेशन, तुलनात्मक तक्ता, खरेदी समिती, संस्थेची मंजुरी. ऑर्डर एप्रिलमध्ये, माल जूनच्या शेवटी, प्रतिमा उतरवून जोडायला दहा दिवस. म्हणजे जुलैत मशीन हवं असेल तर जानेवारीत कागद टेबलावर हवा, आणि त्यासाठी नोव्हेंबरमध्ये मोजणी संपलेली हवी. तुमच्याकडे हा रस्ता किती महिन्यांचा आहे ते मागच्या दोन खरेदींच्या तारखा काढून मोजा. तुटवडा जेवढ्या महिन्यांवर दिसतो त्यापेक्षा रस्ता लांब असेल तर नवी मशीन वेळेत येणार नाहीत. मग टाइमटेबल, भाड्याचे लॅपटॉप, रॅम यांतूनच मार्ग काढावा लागतो.

अर्ज एका पानाचा ठेवा. माझ्या पानावर वर 'या जुलैत ७ स्लॉट कमी, पुढच्या जुलैत ३४' एवढंच, खाली तक्ता, आणि शेवटी तीन पर्याय: काहीच न घेता, रॅम-एसएसडी घालून, नवी घेऊन. 'काहीच न घेता' याच्यापुढे कोणत्या बॅचचं प्रॅक्टिकल संध्याकाळी सातपर्यंत जाईल ते लिहिते. विश्वस्तांना गिगाबाइट कळत नाहीत, पण मुलींची शेवटची एसटी कितीला आहे ते पक्कं माहीत असतं.

जाणाऱ्या मशीनचीही मोजदाद करा. चालू नसलेली यादीत राहिली की पुढचा साहेब परत 'तीनशे बारा आहेत ना' विचारणार. निर्लेखनाचा (यादीतून कायमचं कमी करण्याचा) ठराव घ्या, रजिस्टरात लाल शाईनं पान नंबरसकट नोंद करा, डिस्क पुसा. भंगारवाल्याला देऊ नका. ई-कचरा नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मशीन नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रालाच द्यायची आणि त्यांची पावती फाइलला लावायची. देण्यापूर्वी चालणारी डीडीआर३ रॅम आणि एसएमपीएस काढून घेते, उरलेल्या म्हाताऱ्यांना तेवढाच आधार.

७२ मागितली होती, ४८ मिळाली. जुलै २०२४ निभावला: १० अधिक २ लॅब, १८० स्लॉट, गरज १५७. जुलै २०२५ साठी तक्ता सांगत होता ११ लॅब, १६५ स्लॉट, गरज १६९, चार कमी. प्रत्यक्षात सहा कमी पडले, कारण मशीन लर्निंगचा ऐच्छिक विषय अपेक्षेपेक्षा जास्त मुलांनी घेतला आणि त्या विषयापुरती एक बॅच, म्हणजे दोन स्लॉट वाढले. ते सहा स्लॉट शनिवारवर गेले, आणि दुरुस्तीचा माझा शनिवार तेवढा आखडला. तक्त्यात अंदाजाच्या शेजारी मी 'प्रत्यक्ष' असा रकाना घातला आहे आणि त्यात ६ लिहिले आहेत. येत्या नोव्हेंबरच्या मोजणीत ऐच्छिक विषयांची निवड मी विभागाकडून आधीच मागवणार आहे.